वाळवंटातली शिल्पबाग: उन्हानं खाल्लेलं काम दुरुस्त करावं की नाही?

रेतीवाली:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी शिल्पकार. शिक्षण जे. जे.चं, संसार लॉस एंजेलिसमध्ये. मुलं मार्गी लागल्यावर आम्ही दोघांनी मोहावे वाळवंटात, ट्वेंटीनाइन पाम्सच्या पूर्वेला, पाच एकर जागा घेतली. इकडे बहुतेक तुकडे पाच एकरांचेच. १९३८च्या स्मॉल ट्रॅक्ट ॲक्टखाली सरकारनं ते स्वस्तात दिले आणि वर एखादं छोटं घर बांधायची अट घातली. लोकांनी खोपटी बांधली आणि त्यातले पुष्कळ जण उन्हाला कंटाळून निघूनही गेले. अशाच एका खोपटाचा आम्ही स्टुडिओ केला. मागच्या मोकळ्या जागेत शिल्पं मांडली आहेत, काही माझी, काही इथे राहून गेलेल्या पाहुण्या कलाकारांची. ऑक्टोबर ते एप्रिल, शनिवार-रविवार लोक बघायला येतात.

आता प्रश्न. माझ्या सुरुवातीच्या कामांपैकी एक मोठं आहे. जुनी दारं, गोणपाट, दोरखंड असा सगळा मामला. त्याच्या फळ्या उलल्या आहेत, गोणपाटाच्या चिंध्या झाल्या आहेत आणि एक बाजू कललीय. नवरा म्हणतो नव्यानं बांध. गेल्या हिवाळ्यात राहून गेलेला एक तरुण शिल्पकार म्हणाला, हात लावलात तर ते दुसरंच काम होईल. येणारे लोक विचारतात, हे मोडलंय की असंच आहे?

आमच्यापासून पाऊण तासावर जोशुआ ट्रीला नोआ प्युरिफॉय यांचं उघड्यावरचं संग्रहालय आहे. १९१७ साली अलाबामात जन्मलेले हे कृष्णवर्णीय शिल्पकार सत्तरी ओलांडल्यावर, १९८९ मध्ये, वाळवंटात आले आणि २००४ मध्ये जाईपर्यंत दहा एकरांत शंभरावर कामं उभी केली. कमोड, बोलिंगचे चेंडू, टायर, सायकली, कॅन्टीनमधले ताटल्यांचे ट्रे, काहीही वर्ज्य नाही. ऊन-वारा हा कामातला भागीदार आहे असंच ते मानत. पण ते गेल्यावर ही जबाबदारी त्यांच्या नावाच्या फाउंडेशनवर आली, आणि माझ्यापुढचाच प्रश्न त्यांच्यापुढे शंभरपट मोठा होऊन उभा आहे. तुम्हाला काय वाटतं?

चहाबाज:
रुमाल टाकून ठेवतो. विषय भारी आहे.

जत_तालुका:
ताई, पाणी कुठनं आणता ते आधी सांगा. बोअर हाय का?

रेतीवाली:
बोअर नाही. टँकर मागवतो, मागे टाकी आहे. आसपासच्या बऱ्याच घरांचं असंच आहे. वर्षाला पाऊस साधारण चार इंच.

जत_तालुका:
टँकरची वाट बघत बसायला अमेरिकेत गेलात व्हय! आमच्याकडं यायचं होतं, जागा पण दिली असती. (दिवे घ्या.)

धूळपाटी:
मी संग्रहालयात जतनाचं काम करते, म्हणून जरा लांब लिहिते.

दुरुस्ती हवी की नको हा वाद नंतर घाला. कललेली बाजू कुणाच्या अंगावर पडणार नाही ना, हे आधी बघा. त्यात सौंदर्यशास्त्र काही नाही.

मग लाकूड. उन्हातले अतिनील किरण लाकडातलं लिग्निन, म्हणजे धागे बांधून ठेवणारा घटक, फोडतात. वरचा थर करडा होतो आणि सुटलेले धागे वारा घेऊन जातो. त्यात तुमच्याकडची हवा इतकी कोरडी की समुद्राकाठच्या गावातून आणलेलं दार आतून आक्रसणारच. पारदर्शक वार्निश लावू नका. ऊन त्याच्या आरपार जातं, खालचं लाकूड खराब होतं आणि वार्निशचे पापुद्रे सुटतात. रंग हवा, अपारदर्शक, भरपूर रंगद्रव्य असलेला. पण मग करडं पडलेलं लाकूड दिसणार नाही, आणि बहुधा तेच तुम्हाला आवडलेलं असणार.

काहीही ठरवा, आधी फोटो काढा. चारही बाजूंनी, तारखेसह, दर वर्षी. दुरुस्त केलं नाहीत तरी निदान काय गेलं ते कळेल.

एक प्रश्न: काम केलं तेव्हा ते टिकावं असं मनात होतं का?

रेतीवाली:
@धूळपाटी, खरं सांगायचं तर तेव्हा एवढा विचार नव्हता. दारं फुकट मिळाली होती.

नागपुरी_संत्रं:
अवांतर: स्टुडिओत एसी आहे का कूलर? मोहावे म्हणजे आमच्या मे महिन्याचेच भाऊबंद दिसून राहिले.

रेतीवाली:
कूलर! छतावर बसवलेला, गवताच्या पॅडचा. मे-जूनमध्ये झकास चालतो. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत इकडे दक्षिणेकडून ओली हवा येते, तिला इथेही मॉन्सूनच म्हणतात. तेव्हा कूलर नुसता दमट वारा फेकतो.

नागपुरी_संत्रं:
अगदी मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर आमच्या घरी होते तसंच. वाळ्याच्या ताट्या आणून देऊ का? वास तरी चांगला येईल.

आर्सीसी:
पेशानं स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, कलेतलं कळत नाही. पण ते कललं का, यावर कुणी बोललंच नाही.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. दारं म्हणजे सपाट फळ्या, म्हणजे शीडच. पाया किती खोल आहे? वाळूत नुसते खांब गाडले असतील तर कलणारच. दुसरं, तापमान. सहा मीटर लोखंडी पट्टी हिवाळ्यातल्या पहाटेपासून उन्हाळ्यातल्या दुपारपर्यंत पन्नास अंश तापली तर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढते. ॲल्युमिनियम त्याच्या जवळजवळ दुप्पट. दोन धातू घट्ट बोल्टनं जखडले असतील तर कुठेतरी काहीतरी फाटणार. भोकं लंबगोल ठेवा.

आणि पाया ओतणार असाल तर पहाटे ओता. कोरड्या वाऱ्यात काँक्रीटचा वरचा थर आतल्या आधी सुकतो आणि केसासारख्या भेगा पडतात. वर ओलं गोणपाट, त्यावर प्लास्टिक, आणि सात दिवस पाणी मारायचं. टँकरचं असलं तरी.

जेजेकट्टा:
अगं तू आमच्याच बॅचची तर नाहीस? मातीकामाला कायम उशिरा येणारी?

माझं मत: हात लावू नकोस. म्युझियमच्या काचेत ठेवायचं असतं तर तू वाळवंटात गेलीच नसतीस. उघड्यावर ठेवलेल्या कामावर हवामानाचा हक्क असतो.

तिरकस:
@जेजेकट्टा, हे "हवामानाचा हक्क" वगैरे ऐकायला छान वाटतं. नाव झालेल्या माणसाचं काम कुजलं की ती प्रक्रिया, आपलं कुजलं की तो निष्काळजीपणा. लोकांना फरक कळत नाही आणि त्यात त्यांचा दोष नाही.

टेक्ससमधलं मार्फा बघा. शिल्पकार डोनाल्ड जड यांनी तोफखान्याच्या दोन जुन्या शेडमध्ये ॲल्युमिनियमच्या शंभर पेट्या मांडल्या. गॅरेजची दारं काढून काचा बसवल्या, वर अर्धगोल छप्पर चढवलं. बाहेरची पंधरा काँक्रीटची कामं १९८० ते १९८४ या काळात जागेवरच ओतून घेतली, २५ सेंटिमीटर जाडीच्या स्लॅब्जची. तेही वाळवंटच आहे. टिकवायचं ठरवून केलं म्हणून टिकलं.

जेजेकट्टा:
जड यांच्या मागे पैसा होता. प्युरिफॉय यांना शहरात राहणं परवडेना म्हणून ते वाळवंटात आले. तुलना कशी होणार? शिवाय त्यांचा पिंडच वेगळा. लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीतल्या वॉट्स टॉवर्स या मनोऱ्यांच्या शेजारचं कलाकेंद्र उभं करणाऱ्यांपैकी ते एक. १९६५च्या ऑगस्टमध्ये दंगलीत वॉट्स पेटलं, तेव्हा त्यांनी आणि जडसन पॉवेल यांनी जळक्या राखेतून तीन टन भंगार गोळा केलं आणि पुढच्या वर्षी त्याचं प्रदर्शन मांडलं. वितळून गोळा झालेल्या निऑनच्या पाट्या होत्या त्यात. ज्याची सामग्रीच मोडून पडलेली, त्याला "मोडू देऊ नका" काय सांगणार?

तिरकस:
मग २०१५ मध्ये लॉस एंजेलिसच्या मोठ्या संग्रहालयानं वाळवंटातली कामं उचलून आत आणून दाखवली, ती कशी चालली? आत आणताना डागडुजी झालीच असेल ना?

धूळपाटी:
आत आणायचं तर निदान झुरळं-वाळवी झाडावी लागतेच. :) पण तिरकस यांचा मुद्दा बरोबर आहे. एकदा काम प्रवासाला निघालं की जतनवाले त्यात शिरतातच. आम्ही चिवट जमात आहोत.

कोकणी_भूत:
तुमचं बरं आहे, ऊन फक्त वाळवतं. माझ्या मामेभावानं चिऱ्यातून कोरलेलं एक शिल्प अंगणात ठेवलं. दोन पावसाळ्यांत त्यावर इतकं शेवाळ चढलं की नाक कुठलं नि कान कुठला ते कळेना. तिसऱ्या वर्षी कुणीतरी येता-जाता शेंदूर लावला. आता अमावास्येला नारळ येतात. दुरुस्ती करायची सोयच उरली नाही, देवाला छिन्नी कोण लावणार?

चहाबाज:
हाहाहा. ताई, उपाय मिळाला! शेंदूर फासा. मोडलंय का असं परत कुणी विचारणार नाही.

नागपुरी_संत्रं:
आणि दानपेटी ठेवा. जत्रा भरली की पार्किंगचे पैसे वेगळे.

वाळूघड्याळ:
पार्किंगवरून आठवलं. आम्ही सॅन डिएगोला असतो. मुलांना घेऊन बोरेगो स्प्रिंग्जला गेलो होतो. तिथे डेनिस एव्हरी यांनी आपल्या मोकळ्या जमिनीवर रिकार्डो ब्रेसेडा यांच्याकडून लोखंडी प्राणी करवून घेतले. हत्ती, उंट, घोडे, आणि साडेतीनशे फूट लांबीचा एक सर्प, जो रस्त्याच्या या बाजूला वाळूत शिरतो आणि त्या बाजूला वर येतो. तिकीट नाही, फाटक नाही. पोरं अजून त्या सर्पाबद्दल बोलतात. लोखंड गंजलेलं आहे आणि तेच शोभतं. तुम्ही लोखंडातच का काम करत नाही?

रेतीवाली:
करते, पण वाळवंटात लोखंड मनासारखं गंजत नाही हो! गंज चढायला ओलं-कोरडं, ओलं-कोरडं व्हावं लागतं. कॉर्टेन, म्हणजे मुद्दाम गंजू द्यायचं पोलाद, किनाऱ्याजवळ थोड्या महिन्यांत तांबूस होतं, माझ्याकडे वर्षानुवर्षं ठिपकेदार राहतं. मग व्हिनेगर, मीठ आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मारून घाई करावी लागते. टँकरच्या पाण्यानं लोखंड भिजवताना शेजारी बघतात तेव्हा लाज वाटते.

उन्हाळ्यात वेल्डिंगही बंद. वारा सुटला की एक ठिणगी पुरते. मेणाचं कामही जूनमध्ये काढत नाही, सकाळी केलेला हात दुपारी कोपरातून वाकलेला असतो. ओली माती तर झाकेपर्यंत कडेनं पापडासारखी वळते.

दुबईकर:
आमच्याकडचा अनुभव. वाऱ्याबरोबर उडणारी वाळू घासते ती मुख्यतः जमिनीलगत, गुडघ्याच्या उंचीपर्यंत. त्यामुळे खालचा भाग आधी जातो. चौथरा थोडा उंच घेतलात तर पुष्कळ फरक पडेल. रंगकामाचेही पैसे वाचतात.

अवांतर: कॅलिफोर्नियातल्या कोचेला खोऱ्यात २०१७ पासून 'डेझर्ट एक्स' हे उघड्यावरचं कलाप्रदर्शन भरतं. त्याचंच भावंड सौदीत अल-उलाला २०२० मध्ये सुरू झालं. ती बहुतेक कामं ठरावीक दिवसांसाठी असतात, नंतर उचलतात. मला तर हाच मार्ग शहाणा वाटतो. मोडायच्या आत काढून घ्या!

जेजेकट्टा:
उचलायला क्रेन आणि ठेवायला गोदाम लागतं. स्वतःच्या पैशांनी बाग चालवणाऱ्याला ते कुठलं?

कायदेपंडिता:
मी कॅलिफोर्नियात वकिली करते. हा सल्ला नव्हे, कट्ट्यावरच्या गप्पा समजा.

रेतीवाली, तुमची स्वतःची कामं तुम्ही जाळली तरी कुणी विचारणार नाही. पण "पाहुण्या कलाकारांची" म्हणालात तिथे मी सावरून बसले. १९९०चा फेडरल कायदा आहे, व्हिज्युअल आर्टिस्ट्स राइट्स ॲक्ट. त्यानुसार मान्यताप्राप्त काम जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणानं नष्ट होत असेल तर कलाकाराला ते रोखता येतं, मालकी दुसऱ्याकडे असली तरी. विद्रूप करण्यालाही आडकाठी आहे. गंमत म्हणजे, काळाच्या ओघात किंवा वापरलेल्या साहित्याच्या अंगभूत स्वभावामुळे झालेला बदल हा कायदा विद्रुपीकरण मानत नाही. म्हणजे ऊन-वाऱ्याला माफी आहे, पण तुमच्या नवऱ्यानं हातोडी घेऊन दुसऱ्याच्या कामाला "सुधारलं" तर भानगड होऊ शकते! कॅलिफोर्नियाचा स्वतःचा कायदा त्याहून जुना, १९७९चा.

म्हणून काम जागेवर यायच्या आधी एक पान लिहून घ्या. किती वर्षं ठेवणार, मोडलं तर कोण दुरुस्त करणार, नाही केलं तर कोण उचलून नेणार. आणि विमा बघा. लोक तुमच्या जमिनीवर चालतात.

रेतीवाली:
बाप रे. नवऱ्याला हा प्रतिसाद वाचून दाखवला. हातोडी ठेवून दिलीय त्यानं.

विमा आहे. एका कंपनीनं "वाळवंटातली शिल्पबाग" हे शब्द ऐकल्यावर फोनच केला नाही परत. दुसऱ्या कंपनीनं कुंपण, पाट्या आणि सापांविषयी तीन पानी प्रश्नावली पाठवली.

पन्नाशीची_पोर:
साप?? शिल्पात साप शिरतात?

रेतीवाली:
शिल्पाखाली सावली असते, आणि सावली सगळ्यांनाच हवी. पोकळ काम असलं की आत उंदीर घर करतात, त्यांच्यामागे साप. म्हणून पोकळ कामाला खालून जाळी लावते. पाहुण्यांना एकच सांगते, जिथे दिसत नाही तिथे हात घालू नका.

पन्नाशीची_पोर:
फोटो टाका, तोवर मी घरूनच बघते.

मीठ_भाकर:
मूळ विषय सोडून विचारतो, क्षमस्व. पण हे भागतं कसं? बाग बघायला तिकीट आहे का?

रेतीवाली:
तिकीट नाही. बागेतून कमाई शून्य. स्टुडिओतल्या कार्यशाळा, मातीची भांडी आणि अधूनमधून मिळणारं एखाद्या घरासाठीचं काम, यावर चालतं. महासाथीनंतर या भागात सुट्टीसाठी भाड्यानं द्यायच्या घरांचं पेव फुटलं, त्या मालकांना अंगणात काहीतरी उभं करायचं असतं. मनाला फार पटतं असं नाही, पण टँकरवाला मनाला विचारत नाही.

तिरकस:
हे आवडलं. निदान कुणी सरळ बोललं.

गेट बंद ठेवण्याचाही एक मार्ग असतो. नेवाडात मायकल हायझर यांनी १९७० मध्ये सुरू केलेलं 'सिटी' हे अवाढव्य शिल्प २०२२ मध्ये उघडलं. दीड मैल लांब. एका दिवसात फक्त सहा माणसांना प्रवेश, तोही आधी नाव नोंदवून.

जत_तालुका:
सहा? आमच्या घरात सहा माणसं एका वेळी जेवायला पण बसत न्हाईत, जास्तच असत्यात.

भटकी_विमुक्ती:
मी सॅल्वेशन माउंटनबद्दल लिहिते, कारण या प्रश्नाचं एक वेगळंच उत्तर तिथे दिसलं. कॅलिफोर्नियातल्या नायलँडजवळ लेनर्ड नाइट या माणसानं १९८४ मध्ये एक टेकडी रचून रंगवायला घेतली. पहिली टेकडी सिमेंट कमी आणि वाळू जास्त अशा मिश्रणाची होती, ती १९८९ मध्ये कोसळली. सगळ्यांना वाटलं आता हा निघून जाईल. त्यानं देवाचे आभार मानले आणि दुसरी सुरू केली, या वेळी माती आणि गवताच्या गाऱ्याची. लोकांनी दिलेल्या रंगांचे थरावर थर. २०१४ मध्ये ते वारले, आता स्वयंसेवक रंग चढवतात.

म्हणजे तिथे दुरुस्ती आणि काम वेगळं काढताच येत नाही. आपण घर दर दिवाळीला सारवायचो, तेव्हा कुणी म्हणत नव्हतं की मूळ भिंत गेली. मी गेले तेव्हा एक आजोबा पायऱ्यांना पिवळा रंग देत होते. विचारलं, हा रंग पूर्वी असाच होता का? म्हणाले, जवळपास.

धूळपाटी:
"जवळपास"! आमच्या खात्यात हा शब्द उच्चारला तर नोकरी जाईल. पण तिथे चालतं, कारण करणाऱ्यानं पद्धतच तशी घालून दिली होती. प्युरिफॉय यांच्या कामात ती सोय नाही. तिथे एखादी विशिष्ट खुर्ची, विशिष्ट टायर आहे, बदली खुर्ची म्हणजे दुसरं काम. रेतीवालीचं काम यातल्या कुठल्या जातीचं, हे तिनंच सांगावं.

आर्सीसी:
पायाबद्दल अजून उत्तर आलेलं नाही, याकडे लक्ष वेधतो.

रेतीवाली:
@आर्सीसी, पाया दोन फूट, आणि एका बाजूला ओढा आहे. कोरडाच असतो, पण उन्हाळ्यातल्या एखाद्या वादळात तासभर पाणी धावतं. त्या बाजूची वाळू गेलीय, म्हणून कललंय.

आर्सीसी:
मग वाद संपला की. तुमचं काम उन्हानं मोडलेलं नाही, ओढ्यानं पोखरलंय. पाया दुरुस्त करा, चर काढून पाणी वळवा. पण तो नैसर्गिक ओढा असेल तर काउंटीला, म्हणजे स्थानिक प्रशासनाला, विचारल्याशिवाय वळवू नका, खालच्या शेजाऱ्याच्या घरात जाईल.

जेजेकट्टा:
पाया बदलायला माझी हरकत नाही. गोणपाटाला हात लावू नकोस एवढंच. चिंध्या फडफडताना कसा आवाज करतात ते तू ऐकतेसच.

तिरकस:
मी अजून माझ्या मतावर ठाम आहे. गोणपाट नवं लाव. पाच वर्षांनी तिथे फक्त खिळे राहिले तर बघायला येणाऱ्यानं काय बघायचं?

रेतीवाली:
खिळे बघायला काय वाईट आहे, असं मला आत्ता वाटलं खरं. पण थांबा.

सध्या ठरलंय ते असं. पाया नवा, दुबईकर म्हणतात तसा थोडा उंच, पावसाळा संपल्यावर पहाटे ओतणार. ओढ्याचं काउंटीत विचारणार. दारं आणि गोणपाट जसं आहे तसं, दर वर्षी जानेवारीत फोटो. पाहुण्यांच्या कामांसाठी कायदेपंडिता म्हणतात तो एक पानी करार. नवऱ्यानं नवीन फळ्या आधीच आणून ठेवल्यात, त्यांचं काय करायचं ते घरातलं प्रकरण आहे.

कायदेपंडिता:
घरगुती प्रकरणं मी घेत नाही.

वाळूघड्याळ:
नाताळच्या सुट्टीत आम्ही त्या बाजूला येणार आहोत. बघायला आलो तर चालेल का? गाडी शेवटपर्यंत येते?

रेतीवाली:
जरूर या. डांबरी संपल्यावर पुढचा रस्ता मऊ वाळूचा आहे, साधी सेडान असेल तर डांबरीवरच लावा, मी न्यायला येईन. रात्री गोठवणारी थंडी असते, पोरांना टोप्या आणा. पोहे मिळतील, कोथिंबीर तेवढी तुम्ही घेऊन या.